डग्ग्याचा घुमारा आणि चौकोनी खोली

प्रश्न : लातूरजवळच्या आमच्या गावी स्लॅबच्या घरात १० फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत मी तबला-संवादिनीचे ध्वनिमुद्रण करतो. डग्गा फार घुमतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, तरी फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : तिन्ही मापे सारखी असणे हेच आपल्या अडचणीचे मूळ आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फूट अंतर असले, की सुमारे ५६ हर्ट्झ वारंवारतेच्या (सेकंदाला ५६ कंपने) आणि तिच्या पटीतल्या ध्वनिलहरी तेथे साचतात. आपल्या खोलीत त्या तिन्ही दिशांनी त्याच वारंवारतांना साचत असल्याने डग्ग्याचे काही स्वर फुगतात. ट्रेचा पुठ्ठा इतक्या लांब लहरी शोषू शकत नाही, म्हणून ते खुशाल काढून टाका.

चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत निदान ४ इंच जाडीचे रॉकवूल (दगडापासून बनवलेली तंतुमय लोकर), त्याचे तंतू उडू नयेत म्हणून सुती कापडात घट्ट शिवून, भिंतीपासून थोडे सुटे उभे करा. बाजूच्या भिंतींवर मात्र घरातल्या जाड गोधड्या चालतील, आणि त्याही भिंतीला न चिकटवता चार बोटे अंतर सोडून टांगल्यास अधिक उपयोगी पडतील. ऐकण्याची जागा खोलीच्या मध्यावर नको. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून पाहा. वादकालाही मध्यावर बसवू नका.

शेजारच्या मोटारीसारखा बाहेरचा आवाज मात्र या उपायांनी थांबणार नाही; त्यासाठी आधी दाराखिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतील.