एकोणिसाव्या शतकात शिकायला परगावी राहणारी गरीब मुले जेवत कुठे?

वार लावून, माधुकरी मागून किंवा हाताने रांधून. वार म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी ठरवून जेवायचे. सातही वार लागणे कठीणच. रिकाम्या दिवशी सोवळे नेसून, झोळी घेऊन माधुकरी: चार घरचा भात-पोळी एकत्र, आमटीला वेगळे भांडे, आणि त्यातलेच रात्रीला राखून ठेवायचे. घरचा नैवेद्य झाल्याशिवाय वाढत नसत, त्यामुळे शाळेची वेळ गाठताना धांदल उडे. वार बुडण्याची कारणेही ठरलेली: यजमानाकडे सुतक आले किंवा मंडळी गावाला गेली, की दुसरे घर शोधा, नाहीतर उपास. राहायला देऊळ, धर्मशाळा, नाहीतर कुणाच्या वाड्यातली ओसरी. बदल्यात पाणी भरणे, पूजा करणे अशी कामे गळ्यात पडत.

त्या पिढीच्या चरित्रांत आणि आठवणींत हे पानोपानी येते. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे थोरले बंधू १५ रुपये पगारातले ८ रुपये त्यांना कोल्हापूरला धाडत. गोखले तिथे स्वतः रांधून खात.

एक मात्र ध्यानात घ्या: वार आणि माधुकरी ही सोय ब्राह्मण मुलांपुरतीच. इतर जातींच्या मुलांना असे दार उघडे नव्हते. म्हणूनच शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढे इतर समाजांचीही वसतिगृहे झाली.