वरचं कॉलेज आधी लिहिलं तर खालचं जाईल का?

अ‍ॅडमिशनच्या दिवसात, कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी भरताना, हा प्रश्न रोज एकदा तरी येतोच, म्हणून एक केस सांगूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

इंजिनिअरिंगला जाणारी मुलगी आणि तिचे बाबा आले होते. बाबांच्या हातात वहीचा कागद, त्यावर पेन्सिलने 12 कॉलेजांची नावं, आणि सात नंबरला इतक्यांदा खोडलेलं की तिथे कागद पार विरला होता. हे काय विचारलं तर ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला तिथलं इलेक्ट्रॉनिक्स हवंय, मी वर लिहिते आणि बाबा खाली आणतात." बाबांचं म्हणणं, गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये जे बसतंय ते आधी लिहायचं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं, आणि वरचं मिळालं नाही तोवर खालचं भरून गेलं तर?

आता ही भीती अगदीच खोटी नाही. काही ठिकाणी खरंच अशी पद्धत असायची की आधी सगळ्यांची पहिली पसंती बघून जागा पक्क्या करून टाकायच्या, मग उरलेल्यात दुसरी. बॉस्टनच्या सरकारी शाळांमध्ये हेच चालायचं, 2005 मध्ये त्यांनी ते सोडलं, कारण पालक खरी आवड लपवून डावपेच खेळत बसायचे. म्हणून आधी नियम वाचा. यांचे नियम मी वाचून दाखवले, सरळ मेरिटप्रमाणे वाटप होतं.

मग चिठ्ठ्या केल्या. तीन कॉलेजं, प्रत्येकी एक जागा, चार मुलं. बाबांनाच सांगितलं तुम्ही कॉम्प्युटर व्हा. मेरिटमधला पहिला घ्या, त्याची यादी वरून खाली बघा, जागा दिसली की द्या, मगच दुसऱ्याला हात लावा. तिसऱ्या चिठ्ठीला लेकीचं नाव होतं. तिची पहिली पसंती भरलेली, बाबांचं बोट दुसरीवर आलं आणि तिथेच थांबलं. "म्हणजे हिच्या मागच्याला अजून काही दिलेलंच नाही?" नाहीच ना! कॉम्प्युटर तिची पूर्ण यादी संपवल्याशिवाय मागच्याकडे जातच नाही, मग वरचं नाव लिहून तिचं नुकसान कुठून होणार. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेशावरच एक पेपर लिहिला होता, त्यांच्या पद्धतीतही विद्यार्थ्याने खरी पसंती लिहिणंच फायद्याचं ठरतं, पुढे शॅप्लींना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. बाबांना नोबेलचं फारसं काही वाटलं नाही, चिठ्ठ्या मात्र पटल्या.

"मग कटऑफ बघायचाच कशाला?" त्यांनी विचारलं. यादी कुठपर्यंत लांबवायची ते कळायला! शेवटची दोन-तीन नावं अशी हवीत की जी नक्की मिळतील आणि मिळाली तर ती खरंच जाईल, जाणारच नसेल ते नाव लिहूच नका. आणि जिथे प्रत्येक कॉलेजला वेगळा अर्ज असतो तिथे हा हिशोब चालत नाही, तिथे अवघड, जमण्यासारखी आणि खात्रीची अशी सगळी मिसळून भरा.

क्रम लावायला मात्र तास गेला. मी तिला रँकिंग बंद करून दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस उघडायला लावला, कारण पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सारखंच असतं, मॅथ्स, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग. एका नावाजलेल्या ठिकाणी तिच्या आवडीचा एम्बेडेड सिस्टिम्स (म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर) हा विषय थेट चौथ्या वर्षी, तोही ऐच्छिक. सात नंबरवाल्याकडे दुसऱ्याच वर्षी लॅबसकट. मग ती एकदम बोलायला लागली, जुन्या प्रिंटरमधली मोटर काढून काय काय केलं वगैरे, बाबा बघतच राहिले.

सात नंबर दुसऱ्या जागी आला. पहिलं नाव लागलं नाही, दुसरं लागलं. बाबांच्या जुन्या यादीतलं पहिलं नावही तिच्या मार्कांना सहज मिळालं असतं, आणि यादी तशीच भरली असती तर तेच गळ्यात पडलं असतं.

परवा तिचा मेसेज आला, ड्रॉइंगची शीट तिसऱ्यांदा परत आलीये म्हणून. त्यावर माझ्याकडे काही उपाय नाही.