व्हीपीएन कंपनी खरंच खासगीपणा देऊ शकते का?

तुम्ही विचारलंय की पैसे घेऊन एखादी कंपनी खरोखर सुरक्षित आणि खासगी व्हीपीएन (तुमची इंटरनेटवरची ये-जा कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) देऊ शकते का. देऊ शकते. पण अशा कंपन्या थोड्या, आणि जाहिरात वाचून त्या ओळखू येत नाहीत.

सुरक्षिततेचा भाग बराचसा सुटलेला आहे. वायरगार्ड, म्हणजे व्हीपीएनची माहिती कुलूपबंद करणारी पद्धत, नीट बसवलं असेल, तर तुमचा फोन आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यामधलं कोणालाही वाचता येत नाही. अडचण सर्व्हरवर बसलेल्याची आहे. तुम्ही किती वाजता कुठल्या साइटवर गेलात हे आधी इंटरनेटवाल्याला दिसायचं, आता ते व्हीपीएनवाल्याला दिसतं.

म्हणून मी एकच गोष्ट बघतो: पोलीस दारात आले तेव्हा काय झालं? लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, ठेवत नाही म्हणणाऱ्या प्युअरव्हीपीएनकडच्या नोंदी 2017 मध्ये एका ऑनलाइन छळाच्या तपासात एफबीआयला मिळाल्या. छळणारा पकडला गेला हे उत्तमच झालं, पण दिलेला शब्द खोटा होता. उलट एप्रिल 2023 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला मुलव्हाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात किमान सहा पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना हवे होते. अशी माहिती आम्ही साठवतच नाही, हे कंपनीने समजावून दिल्यावर ते रिकाम्या हाताने परतले. तिथलं खातं म्हणजे फक्त सोळा आकडी नंबर. नाव नाही, ईमेल नाही, पैसे पाकिटात घालून रोख पाठवले तरी चालतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कायदाही बघा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते, फोन, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाच वर्षं जपायला सांगितलं. एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसने तर भारतीय आयपी सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या सर्व्हरवरून द्यायला सुरुवात केली.

फुकटच्या व्हीपीएनपासून मात्र कळकळीने सांगतो, लांब राहा. फेसबुकचं ओनाव्हो हे फुकट व्हीपीएन ॲप लोकांनी संरक्षण म्हणून घेतलं, आणि ते कोण कुठलं ॲप किती वापरतं हे टिपत होतं.

हॉटेलच्या वायफायवर मी स्वतः पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन वापरतो. पण उद्या एखादी पत्रकार मला विचारेल की तिला खबर देणाऱ्या माणसाचा माग लागू नये म्हणून काय वापरू, तर मी टॉर सांगेन, म्हणजे तुमची ये-जा एकामागून एक वेगवेगळ्या सर्व्हरमधून फिरवणारं जाळं. तिथे तीन थांबे असतात: पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, शेवटच्याला तुम्ही कुठे चाललात ते, आणि दोन्ही एकट्या कोणाच्याच हाती नसतं.