‘ताई, पुढचं काही दिसतच नाही’

मारहाण सोसलेल्या बाया कधी ना कधी मला हे विचारतातच: ‘चांगलं काही होईल असं वाटतच नाही. माझं डोकं बिघडलंय का?’

बीड जिल्ह्यातली एक ऊसतोड मजूर (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) समोर बसली होती. कॅरीबॅगेत गुंडाळलेलं रेशन कार्ड मांडीवर घट्ट धरलेलं. बाहेर मोटारसायकल वाजली की बोलता बोलता गप्प व्हायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमानं आगाऊ दिलेली उचल मात्र नवऱ्याच्या हातात. मार दारू पिऊन, न पिताही. माहेरचे म्हणायचे, ‘चांगला विचार कर, सुधरंल तो.’ दहा वर्षं तिनं तेच केलं होतं.

मी सांगितलं, डोकं बिघडलेलं नाही. उंबऱ्यात पाऊल वाजलं की जिथं अंग आखडतं, तिथं मन आजच्या संध्याकाळपुढं जातच नाही. अशा बाईला ‘सकारात्मक राहा’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. तो सुधरेल ही आशा त्याच्या मर्जीवर. तिच्या स्वतःच्या हातात काय आहे, ते शोधायचं.

म्हणून विचारलं, ‘उद्यापर्यंत तुझ्यानं होईल असं एक काम सांग.’ बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘लेकराचं दप्तर उसवलंय. शिवीन.’ पुढच्या खेपेला दप्तरच घेऊन आली. निळ्या कापडावर लाल दोऱ्याचे बारीक टाके. मग तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं झालं, पासबुक शेजारच्या काकूंकडे ठेवलं. घरातून हाकलतील ही भीती सगळ्यात मोठी होती. घर नावावर नसलं तरी तिथं राहायचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं दिलाय, हे तिला दोनदा वाचून दाखवावं लागलं. संरक्षण अधिकाऱ्याकडच्या अर्जावर तिनं सही केली, अंगठा नाही.

मध्ये वाईट दिवसही आले. झोप उडाली, ‘जगून तरी काय करू’ म्हणाली. तेव्हा नुसत्या बोलण्यावर भागवलं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे मी सोबत गेले, गोळ्या सुरू झाल्या. असे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइनच्या १८१ वर.

नवरा सुधरला का? नाही. कोर्टाचा आदेश आहे म्हणून हात उगारत नाही, एवढंच.

परवा ती निघाली आणि दारातून परत फिरली. ‘ताई, पाडव्यापर्यंत पिको-फॉलचं मशीन घ्यावं म्हणते. हप्ता किती बसंल?’