घोडं ऐकत नाही तेव्हा : वाचकांचे प्रश्न

सारंगखेड्याच्या बाजारातून चार वर्षांची काठेवाडी घोडी आणली. दोरी धरून चालवताना अंगावर येते, खांद्यानं ढकलते, वाटेल तिथं थांबून गवत ओढते. गल्लीतली मंडळी म्हणतात, एकदा इंगा दाखवा म्हणजे मान देईल. दाखवू का? (कसबा बावडा)

नको. इंगा दाखवलात तर घोडी मान देणार नाही, तुमच्या हाताला बुजेल. उद्या म्होरकी (घोड्याच्या तोंडावर चढवायचा पट्टा) घेऊन जवळ गेलात की कान पाडून पाठ करेल, आणि मागच्या पायांसमोर उभं राहून कुणाला पुढारपण करता येत नाही.

ती अंगावर आली की तुम्ही काय करता, ते आठवून बघा. बहुतेक जण नकळत पाऊलभर मागं सरतात. कोण कुणाला जागा देतो, याकडे घोड्यांचं बारीक लक्ष असतं. तुम्ही सरलात, म्हणजे तिच्या हिशेबात प्रश्न मिटला. म्हणून सुरुवात जागेपासून करा.

म्होरकीला तीन-साडेतीन मीटरची जाड सुती दोरी लावा. दोरी हाताला गुंडाळू नका, घड्या करून मुठीत धरा. घोडी उधळली तर बोटं जातील. अगदी नाकासमोर उभे राहू नका, कपाळापुढचा भाग तिला दिसत नाही. किंचित बाजूला थांबा आणि दोरीतून नाकावर मागच्या दिशेनं हलका दाब द्या. ती मान ताणेल, डोकं वर करेल. खेचाखेची नको, दाब आहे तेवढाच ठेवा. थोड्या वेळात तिचं वजन मागच्या पायांवर जाईल, छाती इंचभर मागं सरेल. पाऊल उचलायची वाट न बघता त्याच क्षणी दोरी ढिली सोडा. दाब सुटला तेव्हा आपण काय करत होतो, ते घोड्याला पक्कं आठवतं. आपल्याकडे दाब द्यायला सगळ्यांना येतं, सोडायला फार थोड्यांना. मागं सरल्यावरही दोरी ताणलेलीच राहिली, तर सरून काय मिळालं, असं तिला वाटणारच.

एवढं जमलं की चालायला घ्या. तुम्ही मानेच्या बाजूला, दोरीत झोळ. तुम्ही थांबलात आणि ती पुढं गेली, तर दोन पावलं मागं घ्या. मधेच दिशा बदला, चाल कमी-जास्त करा. तुमच्याकडचा कान तुमच्याकडं वळला आणि वळलेलाच राहिला, की लक्ष मिळालं समजा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरेत. गवत बंद करू नका, पण ते तुम्ही थांबून मोकळीक दिल्यावरच.

जाता जाता, ‘कळपात एकच म्होरक्या असतो, तसे आपण व्हायचं’ हे बोलणं हल्ली फार ऐकू येतं. मोकळ्या कळपांच्या निरीक्षणात मात्र दिसलंय की कुठं निघायचं हे दर वेळी एकच जनावर ठरवत नाही. तेव्हा छाती फुगवून फिरायची गरज नाही.

घोडं मोतद्दाराचं (त्याची निगा राखणाऱ्या माणसाचं) ऐकतं, माझ्या तेरा वर्षांच्या मुलाचं ऐकत नाही. मुलात धाक कमी पडतो का? (गडहिंग्लज)

धाक नाही, सहवास. चंदी (दाणा) मोतद्दार देतो, खरारा (ब्रशानं अंग घासणं) तो करतो, खूर तो उचलतो. मुलगा येतो, थेट रिकिबीत पाय घालतो आणि बसल्यावर लगाम ओढून टाचाही मारतो, म्हणजे ‘थांब’ आणि ‘चल’ एकाच दमात. घोड्यानं करायचं तरी काय? महिनाभर बसण्याआधी खरारा आणि दोरीवर चालवणं मुलाकडे द्या. मोतद्दार ज्या खुणा करतो, त्याच त्यानंही कराव्यात. दोघांच्या खुणा वेगळ्या असतील तर घोड्याचा दोष नाही.

घोड्याला रोज हातानं गूळ देतो. आता तो खिसे हुंगतो, बाही धरतो, परवा चावलाच. (कागल)

कोल्हापूर जिल्ह्यात राहून गुळाला नाही म्हणणं अवघड, कळतं मला. पण हातातून देणं बंद करा. द्यायचाच तर लहानसा खडा, कामानंतर, घमेल्यात. तोंड खिशाकडं आलं की मारू नका. घोड्याला तो खेळ वाटतो आणि पुढच्या वेळी तो जास्त चपळाईनं चावतो. मागं सरायला लावा, शांत उभा राहिला की मग मानेवर खाजवा.

पाच महिन्यांचं शिंगरू पुढचे पाय माझ्या खांद्यावर टाकतं. मुलांना मजा वाटते. मोठं झाल्यावर आपोआप सुटेल ना? (शिरोळ)

सुटणार नाही. कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्यातला घोडा पुढचे पाय उचलून आहे, तो तिथंच शोभतो. आज शिंगराचं वजन पेलतं, पण पूर्ण वाढल्यावर हेच जनावर तीनशे किलोंच्या वर जाईल आणि त्याला वाटेल, ही आपली जुनीच गंमत. आजपासून पाय उचलायच्या बेतात दिसलं की बाजूला फिरवा आणि चालतं ठेवा. घरातल्या सगळ्यांनी तसंच करायचं, पाहुण्यांनीसुद्धा.

सहा वर्षांचा शांत घोडा. दोन महिन्यांपासून तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना दात दाखवतो, पोटाकडं वळून बघतो. मान राखेनासा झालाय. पुन्हा शिस्त कशी लावू? (पन्हाळा)

शिस्तीचं नंतर बघू, आधी पशुवैद्य बोलवा. शांत जनावर अचानक बदललं की मला पहिला संशय दुखण्याचा येतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोट लहान असतं. सकाळी भरपूर चंदी आणि मग दिवसभर पर्यटकांच्या फेऱ्या, मधे वैरणीची काडी नाही, असं असेल तर जठराला व्रण होऊ शकतात. कडबा किंवा वाळलं गवत थोडं थोडं दिवसभर पुढ्यात असू द्या.

खोगीर उतरवून पाठीवर तळहात दाबत न्या. कातडी थरथरते का, घोडा पाठ खाली दबवतो का, ते पाहा. तंगाखाली केस झडलेत का, जुनी जखम आहे का, तेही बघा. दाढांना धार आली असेल तर लगामाचाही त्रास होतो. त्या वर्षातून एकदा तपासून घासून घ्याव्या लागतात. डॉक्टर येईपर्यंत पाठीवर कुणाला बसवू नका, मोसम असला तरी.