वाचकांचे प्रश्न : स्काउटिंग आणि रानातलं शिक्षण

मुलगा आठ वर्षांचा आहे, कब पथकात (स्काउटिंगमधल्या लहान मुलांच्या गटात) जायचं म्हणतो. दिशा फोन दाखवतो, आग लायटरने पेटते. मग गाठी आणि शेकोट्या शिकून हाती काय लागतं?
– एक वडील

रानात एकट्याने जीव वाचवायची वेळ बहुतेक मुलांवर कधीच येत नाही. तेवढ्यासाठीच पाठवणार असाल तर कारण तोकडं आहे. खरा फायदा असा, की इथे चुकीचा निकाल तिथल्या तिथे लागतो. तंबूची खुंटी सरळ ठोकली तर ताणाने वर निघते. तिचं डोकं तंबूपासून बाहेर कललेलं ठेवलं की टिकते. दोन दोऱ्या रीफ नॉट या साध्या चपट्या गाठीने जोडून त्यांवर भार टाकला की गाठ उलटून सुटू शकते. तिथे शीट बेंड ही दोऱ्या जोडायची गाठ हवी. रागवायला कोणी लागत नाही, मूल स्वतःच सोडून पुन्हा बांधतं.

दुसरा फायदा संघपद्धतीचा. ऑगस्ट १९०७मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ब्राउन्सी बेटावर स्काउटिंगचे जनक बेडन पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. तेव्हाच त्यांनी मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येकाचा नायक मुलांमधलाच ठेवला होता. सहा-आठ जणांच्या संघात पाणी कोणी आणायचं, सरपण कोणी, हे मुलंच ठरवतात आणि पाणी आलं नाही तर सगळ्यांचंच जेवण अडतं.

पथक निवडताना एवढं बघा : तंबू कोण उभारतंय? मोठी माणसं बांधताहेत आणि मुलं नुसती दोरी धरून उभी आहेत, असं दिसलं तर दुसरं पथक शोधा.

मुलगी नऊ वर्षांची. सहलीत रानात चुकली तर तिने पहिल्यांदा काय करावं?
– एक आई

थांबावं. सगळ्या कौशल्यांत हे पहिलं, आणि हेच सर्वांत कमी शिकवलं जातं. कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

कारण साधं गणिताचं आहे. ताशी तीन किलोमीटर वेगाने चालणारं मूल तासाभरात कुठल्याही दिशेला गेलेलं असू शकतं. म्हणजे सुमारे २८ चौरस किलोमीटर शोधावे लागतात. दोन तास चाललं तर ११३. वेळ दुप्पट, शोधाचं क्षेत्र चौपट. हरवलेलं मूल घाबरून चालतच राहतं, म्हणून थांबण्याचाच सराव लागतो.

बसायची जागा : मोकळ्या जागेच्या कडेचं एखादं मोठं झाड. वर वाळकी फांदी लटकत नाही ना, ते पाहायचं. ओढ्याला खेटून बसायचं नाही. पाणी वाढण्याचा धोका तर आहेच, शिवाय त्याच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत.

गळ्यात शिट्टी हवीच. ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टी तासन्‌तास वाजवता येते. आत गोळी नसलेली घ्या. गोळीवाली भिजली की अडकते. तीन वेळा वाजवायची, मग मिनिटभर कान देऊन ऐकायचं. हे ऐकणं मुलं हमखास विसरतात.

सोबत भडक रंगाची मोठी प्लास्टिक पिशवी द्या. तळाच्या कोपऱ्याशी चेहऱ्याएवढं भोक घरूनच पाडून ठेवा. भोकाविना पिशवी डोक्यावर घेतली तर गुदमरण्याचा धोका असतो, हे तिला स्पष्ट सांगा. पाऊस-वाऱ्यात ती वरून घालायची आणि खाली वाळका पाला दाबून वीतभर जाड बैठक करायची. वाऱ्याइतकीच थंड जमीनही अंगातली ऊब ओढते. नुसतं अंगावर पांघरून भागत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या शिबिरात नाही तर घरातच सांगायच्या. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे मनावर घेतलेली मुलं शोधायला आलेल्यांपासूनच लपून बसतात. रानात तिचं नाव घेऊन हाका मारणारे तिलाच शोधताहेत, त्यांना ओ द्यायची, हे वेगळं सांगावं लागतं. आणि चुकली म्हणून कोणी ओरडणार नाही, हेही. रागाच्या भीतीने गप्प बसणारी मुलंही असतात.

निघण्यापूर्वी टॉवेलवर ॲल्युमिनियमचा कागद पसरून त्यावर तिचा बूट दाबून घ्या. तळव्याचा ठसा हाती असला की शोधणाऱ्यांना तिची पावलं इतरांच्या पावलांमधून वेगळी काढता येतात.

आमच्या संघाची शेकोटी पेटते आणि दोन मिनिटांत विझते. लाकूड वाळलेलंच असतं.
– एक संघनायक

तुमच्याकडे मधल्या जाडीचं सरपण कमी पडतंय. गवत पेटतं, पण त्याची आच मनगटाएवढ्या लाकडाला पुरत नाही.

काडी ओढण्यापूर्वी चार ढीग लावा. चुरगळलेलं वाळकं गवत किंवा साल, दोन मुठी. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक काटक्या, दोन्ही हातांच्या ओंजळीत जेमतेम मावतील इतक्या. पेन्सिलीएवढ्या तेवढ्याच. मग अंगठ्याएवढ्या जाड, काखेत मावेल असा भारा. नवी मुलं दुसरा ढीग हमखास निम्मा आणतात आणि उरलेलं शोधायला जाईपर्यंत आग गेलेली असते.

‘वाळलेलं’ कसं ठरवता? काटकी मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर ओली. जमिनीवर पडलेली ओल धरते. झुडपात अडकून राहिलेली वाळकी काटकी घ्या. जमीन दमट असेल तर खाली अंगठ्याएवढ्या काठ्यांचा थर द्या. वाऱ्याकडे पाठ करून, ढिगाच्या तळाशी काडी लावा. फार दाबून रचलं तर हवा कोंडते, फार विरळ रचलं तर एका काटकीची आग दुसरीला लागत नाही.

जागा तीन मीटर व्यासाची, माती दिसेपर्यंत झाडलेली. पाण्याची बादली आधी, आग नंतर. नदीतले धोंडे भोवती लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. मुळांच्या जाळ्यावरही नको, आग जमिनीखाली धुमसत राहते. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्या आणि ऊब लागली नाही तरच स्पर्श करा. गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही.

काठीवर काठी घासून आग काढणं? हौस म्हणून जरूर, पण काडीने तीनदा नीट पेटवता आल्यावर.

शेवाळ झाडाच्या उत्तरेला असतं, घड्याळाच्या काट्यावरून दिशा कळते, असं वाचलं आहे. मुलांना शिकवू का?
– एक शिक्षिका

शेवाळाचं सोडून द्या. ते ओल आणि सावली असेल तिथे वाढतं. दाट झाडीत चारही बाजूंना असतं. सूर्य डोक्यावर येतो त्या प्रदेशात घड्याळाची युक्ती दुपारी चांगलीच फसते.

सावलीची काठी शिकवा. मीटरभर काठी सपाट जागी उभी रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा, वीसेक मिनिटांनी नव्या टोकाला दुसरा. पहिला खडा पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा. दुपारच्या आसपास बरी जमते, सकाळ-संध्याकाळ चूक वाढते. म्हणजे अंदाजापुरती.

होकायंत्र हाती द्याल तेव्हा फोन आणि चाकू त्यापासून लांब ठेवायला लावा. सुईचं कुठलं टोक उत्तरेचं, हे प्रत्येकाकडून वदवून घ्या. उलटं वाचून नेमकं विरुद्ध दिशेला जाणं ही नेहमीची चूक आहे.

रानातली फळं, कंद ओळखून खायला शिकवावं का? आणि ओढ्याचं पाणी?
– एक आजोबा

ओळखायला जरूर, जगण्याची युक्ती म्हणून खायला नको. अन्नावाचून माणूस काही आठवडे काढू शकतो. चुकीचा कंद काही तासांत जिवावर उठतो. ‘पक्षी खातात म्हणजे चालतं’ हा समजही मुलांच्या डोक्यातून काढायला हवा.

पाण्याचं तसं नाही, त्यावाचून दिवसच मोजावे लागतात. गढूळ असेल तर निवळू द्या, कापडातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळा. २,००० मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या असल्या तरी क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्यांना दाद देत नाही. शेतातली फवारणी किंवा कारखान्याचं पाणी मिसळलेला ओढा असेल तर उकळूनही उपयोग नाही. रसायन भांड्यातच राहतं.