गरोदरपणातले दात आणि हिरड्या: वाचकांचे प्रश्न

गरोदरपणातल्या दातदुखीवर या वेळी बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न घेतले आहेत.

माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून मी तिला ब्रश बंद करून बोटाने दंतमंजन लावायला सांगितलं. तरी रक्त थांबत नाही. बाळाला काही धोका? (पेडणे)

एवढ्या रक्ताने बाळाला काही होत नाही, पण ब्रश आजच पुन्हा सुरू करायला सांगा. रक्त ब्रशमुळे नव्हे, ब्रश नीट न पोचल्यामुळे येतं. दात आणि हिरडी जिथे भेटतात, त्या रेषेवर जंतूंचा चिकट पिवळसर थर साचतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि तेवढ्याच थराला हिरडी एरवीपेक्षा जास्त सुजते. साधारण दुसऱ्या महिन्यात हे सुरू होतं आणि आठव्यापर्यंत वाढत जातं. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना हा त्रास होतो. बोट दाताच्या फुगीर भागावरून फिरतं, त्या रेषेत शिरत नाही. शिवाय खरखरीत मंजनाने दात झिजतात, ते वेगळंच.

ब्रश मऊ तारांचा घ्यायचा. हिरडीकडे अर्धा तिरका, म्हणजे ४५ अंशांत टेकवून जागच्या जागी हलकेच हलवायचा, मग पुढच्या दोन दातांवर सरकायचं. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. शेवटी फेस थुंकून टाकायचा, खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. दातांच्या फटींतून दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे दातांसाठीचा बारीक धागा, फिरवायचा. पहिले काही दिवस रक्त येईलच, ते बघून हात आखडू नये. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या तर आराम पडतो, पण त्याने थर निघत नाही.

दोन आठवडे असं करूनही रक्त कमी झालं नाही, तर थराचा दगड झालेला असतो आणि तो दंतवैद्यानेच काढावा लागतो. "क्लीनिंग केलं की दात हलतात" हे आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. खरं म्हणजे दात आधीच सैल झालेले असतात, दगडाने ते झाकलेलं असतं.

दोन दातांमध्ये लाल, मऊ गाठ आली आणि जरा धक्का लागला की रक्त येऊ लागलं, तर घाबरू नका. ती कर्करोगाची नसते. बहुतेकदा बाळंतपणानंतर ती आपोआप आक्रसते. चावताना मध्ये येत असेल तरच आधी काढतात. मात्र ती दंतवैद्याला दाखवून घ्या. आणि घरात कुणी हिरड्यांसाठी मशेरी सुचवलीच, तर साफ नाही म्हणा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातलं निकोटीन बाळापर्यंत पोचतं.

तिसरा महिना आहे. दिवसातून तीन-चार उलट्या होतात, दात आंबल्यासारखे वाटतात. पेस्टच्या वासानेही मळमळतं. (फोंडा)

उलटीनंतर तोंड स्वच्छ वाटावं म्हणून लगेच ब्रश करणं, हीच इथली नेहमीची चूक. पोटातल्या आम्लाने दाताचं कवच त्या क्षणी मऊ पडलेलं असतं, ब्रशने ते खरवडून निघतं. आधी कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा, त्याने चुळा भरा आणि थुंका. बेकिंग पावडर चालणार नाही, तिच्यात आम्लही असतं. ब्रश अर्ध्या ते एका तासाने.

पेस्ट सोसत नसेल तर कमी वासाची घ्या. मुलांची घेतलीत तर वेष्टनावर फ्लोराइड किमान १००० पीपीएम आहे ना, ते वाचा. ब्रशही लहान डोक्याचा घ्या, मान पुढे झुकवा आणि जिभेच्या मागच्या भागाला हात लावू नका. सकाळी उपाशीपोटी जमत नसेल तर आंघोळीनंतर करा.

डोहाळ्यांबद्दल एक सांगायला हवं. कैरी, चिंच, बिंबल जेवणासोबत खाल्लंत तर फार बिघडत नाही. बिघडतं ते तासन्‌तास चघळण्याने. प्रत्येक आंबट-गोड घासानंतर तोंडातलं आम्ल शमवायला लाळेला साधारण अर्धा तास लागतो. दर वीस मिनिटांनी कोकम सरबताचा घोट घेतला तर तिला उसंतच मिळत नाही. मळमळीवर आलेपाक चघळणंही दातांना त्याच कारणाने महागात पडतं. भूक भागवायला भाजलेले चणे, शेंगदाणे बरे.

सातवा महिना. दाढ ठणकते. डॉक्टरांनी एक्स-रे आणि रूट कॅनाल सांगितलंय, घरचे म्हणतात बाळंतपण होऊ दे. (म्हापसा)

थांबू नका. चौथा ते सहावा महिना सोयीचा खरा, पण ठणकणाऱ्या दाढेला महिना बघायचा नसतो. दाताच्या एक्स-रेची किरणं तोंडापुरती आणि अगदी थोडी असतात. बधिर करण्याचं लिग्नोकेनचं इंजेक्शनही चालतं. धोका आहे तो दाढेतला पू पसरण्याचा.

खुर्चीत सपाट उताणं झोपू नका. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून भोवळ येते. उजव्या कुशीखाली छोटी उशी घेऊन किंचित डावीकडे कलायचं. गरोदरपणाची फाइल सोबत न्या.

दुखण्यावर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास. घरात उरलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर तर नाहीच. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिनने बाळाचे दात डागाळतात. अमॉक्सिसिलिन सहसा चालतं. लवंगेचं तेल दाढेत ओतल्याने हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर रात्र असली तरी थेट बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ (गोमेको) गाठा. साध्या तपासणीसाठी दंत महाविद्यालयही बांबोळीतच आहे.

प्रत्येक बाळंतपणाला एक दात जातो, बाळ दातांतलं कॅल्शियम घेतं, असं आई म्हणते. (वाळपई)

दातांतलं कॅल्शियम बाहेर निघत नाही. आहारात कमी पडलं तर ते हाडांतून घेतलं जातं. दात जातो तो किडीने आणि सुजलेल्या हिरड्यांनी. सरकारी केंद्रात चौदाव्या आठवड्यापासून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून वेगवेगळ्या वेळी घ्या. लोहाची गोळी त्यांच्यापासून दोन तास लांब ठेवा, एकत्र घेतल्यास लोह नीट शोषलं जात नाही. लोहाचं औषध पातळ असेल तर दात काळपट होतात. ते स्ट्रॉने प्या आणि वर पाणी प्या. पडलेले डाग क्लीनिंगमध्ये निघतात.